एकट्याला हक्क नाही

एकला पाच कमी असताना गोल्फच्या मैदानात पहिल्या होलपाशी सोळा माणसं होती: चौघांचे तीन गट, तिघांचा एक गट आणि माझा मामा.

वेळापत्रकात मामाचं नाव सर्वांत वर होतं, एक वाजता. त्याच्यामागे दर दहा मिनिटांनी एक गट. मी तिथली मार्शल. भौतिकशास्त्राची पदवी झाल्यावर, दुसरं काही मिळेपर्यंत धरलेलं काम: कोण कुठे रेंगाळतंय ते बघायचं, मागच्यांना वाट द्यायला लावायची, वेळा लिहायच्या.

मामाचे खेळातले तीन सोबती होते. एक वारला, एक लेकीकडे राहायला गेला आणि तिसऱ्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तेव्हापासून मामा एकटाच खेळतो. क्लबचा नियम असा की वर्षातून एकदा तरी अठरा होल पूर्ण केल्याचं कार्ड द्यायचं, नाहीतर सभासदत्व जातं. वर्षाचा तो शेवटचा दिवस होता. पुन्हा नाव लावायचं तर रांग अकरा वर्षांची, आणि मामा एकाहत्तरचा.

खरी अडचण दुसऱ्या नियमाची होती. एकट्या खेळाडूला मैदानावर हक्क नाही. पुढचा गट त्याला वाट देत नाही, आणि मागचा गट आला की त्यानेच बाजूला व्हायचं. यंदा पाच वेळा मामा असा बाजूला होत होत शेवटी राहिला होता. सहा वीसला भोंगा होतो, पाण्याचे फवारे आपोआप सुरू होतात, आणि भोंग्यानंतरचा फटका धरत नाहीत.

"त्या तिघांना विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं. त्यांचा डॉक्टर नवव्या होलनंतर येतोय म्हणे. चौथी जागा रुमाल टाकून ठेवलीय."

मी वहीत आकडेमोड केली. वाटेत चारही गटांना पुढे सोडायचं तर दर वेळी तेरा मिनिटं, म्हणजे बावन्न. इथेच सगळ्यांना पुढे जाऊ दिलं तर चाळीस. एका होलला सरासरी साडेचौदा मिनिटं.

"मामा, सगळ्यांना आत्ताच सोड. एक चाळीसला सुरू कर, सहा वाजून एक मिनिटाला संपशील. एकोणीस मिनिटं हातात."

"बघ हं शास्त्रज्ञ, माझी सगळी भिस्त तुझ्या गणितावर आहे."

मामाने चारही गटांना हात करून पुढे जाऊ दिलं.

शेवटचा गट एका सासऱ्यांचा होता. सोबत त्यांचे दोन मुलगे आणि जावई. जावई शिकत होता. पहिला होल त्यांनी सोळा मिनिटांत संपवला, दुसराही सोळा.

"जावईबापू, डोकं खाली!" सासरे ओरडायचे.

"भाऊजी, तो चेंडू आहे, साप नाही. मारा की!" मेहुणा म्हणायचा.

जावई हवेत चार वेळा काठी फिरवायचा आणि पाचव्यांदा गवत उपटायचा. मामा मागे, काठीवर हनुवटी टेकून उभा. सरासरी मी सगळ्या मैदानाची धरली होती. मामाच्या पुढे मात्र हाच एक गट असणार होता.

मामाचा नववा होल चार वाजून दोन मिनिटांनी संपला. हिशेबाने तीन पन्नासला संपायला हवा होता. सासऱ्यांच्या पुढे तोवर एक अख्खा होल रिकामा पडला होता. मी दहाव्या होलवर त्यांना गाठलं.

"काका, मागच्यांना वाट द्याल का? पुढे मोकळं आहे."

"मागचे कोण?" त्यांनी मागे पाहिलं. "ते? ते तर एकटेच आहेत."

"हो, पण…"

"बाळ, नियमाची पाटी तुमच्याच ऑफिसबाहेर लावलीय ना? आज त्यांना सोडलं की उद्या कुणीही काठी घेऊन येईल." ते रागावलेही नव्हते. "आम्ही आवरतो लवकर. जावईबापू, या!"

मी क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"दोघं असते तर लगेच सोडायला सांगितलं असतं," ते म्हणाले.

"मग मी त्याच्याबरोबर खेळू का?"

"तू नोकर आहेस गं इथली. नियम मी कालही बदलू शकलो नसतो, आता तर नाहीच. मलाही वाईट वाटतंय."

मामाला येऊन सांगितलं. त्याने मान हलवली.

"तुझी मामी मला म्हणायची, तुम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेवटी बसता." मग विचारलं, "संपेपर्यंत किती वाजतील?"

"सहा चोवीस."

"चारच मिनिटं?"

"चारच."

पुढचे आठ होल मामा फटका मारला की जवळजवळ धावत होता. धावून पोचायचा आणि मग उभा राहायचा. मी दोनदा सासऱ्यांना आठवण केली. दोन्ही वेळा ते "येतो, येतो" म्हणाले, आणि थोडे भराभर चाललेही.

सहा सतराला ते चौघे अठराव्याच्या ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, होते. मामा एकशे तीस मीटर मागे. जावयाचा चेंडू चौथ्या वेळी आत गेला, मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सहा एकोणीसला ग्रीन रिकामं झालं. मामाने मारलं. चेंडू ग्रीनवर पडला, घरंगळला. मामा पटर, चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, हातात घेऊन निघाला, आणि भोंगा झाला. मामा जागीच थांबला. फवारे सुरू झाले.

खेळ थांबला की चेंडू कुठे होता ते मार्शलने मोजून लिहायचं असतं. मी भिजत टेप लावला.

होलपासून अंतर: एक मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर.