सातशे अक्षरांतली मिरची

हेल्मेटचा पहिला फटका कानावर बसला तेव्हा श्रीधर पांढरीपांडे यांच्या हातात लाल पेन होतं. दुसऱ्या फटक्याला ते खुर्चीसकट आडवे झाले.

"काय लिहाले लावलं बे माह्या बहिणीले?"

समोर बसलेली पोरं भिंतीशी सरकली. हिंगण्याच्या कारखान्याचा निळा युनिफॉर्म घातलेला तो तरुण श्रीधररावांच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि त्यानं एक कागद त्यांच्या तोंडासमोर धरला.

"वाच. मोठ्यानं वाच!"

अक्षर अपेक्षाचं होतं. श्रीधररावांनी वाचलं, "माझा भाऊ अंकुश पंधरा वर्षांचा होता. बाबांनी त्याला मोटरच्या पट्ट्यानं मारलं. तो रडला नाही. पण त्याची पँट ओली झाली, आणि गल्लीतली सगळी मुलं..."

तिसरा फटका तोंडावर बसला. दात जिभेला टोचला, मग तुटून जिभेवरच राहिला.

"अमेरिकेतल्या लोकायले सांगून राहिली थे! माह्यं!" अंकुशचा आवाज चिरकला. कागद चुरगळून त्यानं खिशात कोंबला आणि मोटरसायकलला किक मारून तो निघून गेला.

श्रीधरराव एका महाविद्यालयात कारकून होते. मुलगा अर्णव परदेशी शिकायला गेला तेव्हा त्याच्या अर्जांसोबत जाणारे छोटे निबंध त्यांनी रात्रंदिवस वाचले होते. मग ओळखीची पोरं येऊ लागली. प्रतापनगरच्या घरातल्या पुढच्या खोलीत रविवारी वर्ग भरू लागला. ते सांगत, "कॉलेजच्या माहितीपत्रकातली वाक्यं त्यांनाच परत पाठवू नका. मोठे शब्द नकोत. आधी मराठीत लिहा. एकच प्रसंग घ्या, तुमच्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही असा."

अपेक्षा हुशार होती. पूर्ण शिष्यवृत्ती देणाऱ्या एका कॉलेजानं विचारलं होतं, तुम्ही जिथे वाढलात त्या जागेनं तुम्हाला काय शिकवलं? तिचे पहिले दोन खर्डे त्यांनी परत केले होते. "हे कोणीही लिहील." तिसऱ्याखाली त्यांनी लाल पेनानं लिहिलं होतं, 'आता खरं आलं.'

कानाचा पडदा फाटला होता. ओठाला सहा टाके पडले. यमुताईंनी नवऱ्याला दवाखान्यातून थेट पोलीस ठाण्यात नेलं. तिथं कळलं की अंकुशला हिंगण्याच्या घरी तो कागद सापडला होता, मग तो इकडे आला होता. निघण्याआधी त्यानं अपेक्षाचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार ओढलं होतं. दोन बोटं मोडली. वडील महादेवराव बाजेवर बसून होते. ते उठले नाहीत.

अर्जाची मुदत दोन जानेवारीच्या सकाळी संपत होती. आदल्या दिवशी दुपारी अपेक्षा आली. सोबत भिवापूरची मनकर्णा मावशी होती. तिनंच भाचीला आपल्याकडे नेलं होतं. अपेक्षाचा एक डोळा सुजून बंद होता.

"सर, तुमी टाइप करान का? मले हातानं जमून नाही राहिलं."

श्रीधरराव लॅपटॉपपुढे बसले. ओठातून शब्द नीट निघत नव्हते. "बेटा, परवा जे झालं... ते लिहिलंस तर तुझी जागा पक्की. मी इतके निबंध वाचलेत, मला कळतं."



"नाही सर. पट्टा दादानं खाल्ला होता. थो त्याचा होता, माहा नाही. मी खिडकीतून पायलं फक्त."

"पण हा हात तर तुझाच आहे ना?"

"हो. पन हा मी त्या कॉलेजवाल्यायले देत नाही."

श्रीधररावांनी मान खाली घातली. लाल पेनानं लिहिलेले ते तीन शब्द त्यांना आठवले. ते म्हणाले, "सांग."

तिनं मिरच्यांचं सांगितलं. मावशीच्या अंगणात दर उन्हाळ्यात बाया मिरच्यांचे देठ खुडतात. संध्याकाळी हात असे पेटतात की पोराला उचलून घेता येत नाही. म्हणून त्या एकमेकींची लेकरं भरवतात: ज्या बाईचा त्या दिवशी कामाला खाडा, ती सगळ्यांची भरवते. अपेक्षा नऊ वर्षांची असताना तिनं जळत्या हातानं डोळा चोळला होता, आणि सात बाया काम टाकून धावल्या होत्या.

"हे काय लिहते वं?" मावशी मध्येच म्हणाली. "आमच्या मिरच्यायचं कोन वाचनार?"

"वाचतीन," अपेक्षा म्हणाली.

श्रीधरराव इंग्रजी करत टाइप करत गेले; चौकटीत सातशेच अक्षरं मावत होती. शेवटचं वाक्य तीनदा कापावं लागलं. सूर्य कलायच्या आत अर्ज गेला.

मार्चअखेर त्या कॉलेजचा नकार आला. तोच निबंध दुसऱ्या एका कॉलेजला पाठवला होता. तिथून शिष्यवृत्तीसह होकार आला. ऑगस्टात ती गेली. विमानतळावर मावशी होती, श्रीधरराव आणि यमुताई होते. हिंगण्याहून कोणी आलं नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, वर्ग सुटल्यावर, अंकुश दारात उभा राहिला. यमुताईंनी फोन हातात घेतला. श्रीधररावांनी त्यांना थांबवलं, पण स्वतःही खुर्चीवरून उठून टेबलामागे गेले.

"केस चालू आहे माह्यावर. मी तारखेले कोर्टात जातो," तो म्हणाला. "त्याच्यासाठी नाही आलो. तिनं शेवटी काय पाठवलं, थे पाहाचं होतं."

श्रीधररावांनी निबंध काढून मराठीत वाचून दाखवला. अंकुशनं उभ्यानंच ऐकला.

"बस, इतकंच?"

"इतकंच."

त्यानं कागद मागितला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. फक्त आपलं नाव कसं दिसतं तेवढं कारखान्याच्या ओळखपत्रामुळे माहीत होतं. त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द ओलांडत, नाव शोधत तो खाली जाऊ लागला. शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मग बोट उचलून पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं.