बादलीतला चेहरा

माझी चूक मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मग केल्विन मेसला मनसोक्त शिव्या घालायला मी मोकळी. नऊ वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, शेतकरी मिस्टर थर्कटल यांच्या चॅपलच्या वावरात मला अंगठ्याएवढा एक तुकडा सापडला. काळा पडलेला, एका कडेला मोडलेला. थंडीने बोटं बधिर झाली होती, नाक गळत होतं. थुंकी लावून पुसला तर त्यावर एक चेहरा: गोल डोळे आणि झुबकेदार मिशा. मी तो मिस्टर थर्कटलना दाखवला आणि म्हणाले, "हे बघा, तुम्हीच." ते हसले. घोड्याच्या जुन्या साजावरची नक्षी असेल म्हणून मी तो भंगाराच्या बादलीत टाकला.

आणि हे कोणी केलं? लॉर्ना अटिंगने, म्हणजे मीच. आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या मेंबराला "घरी नेऊन, धुऊन, दिव्याखाली बघितल्याशिवाय काहीही भंगारात टाकायचं नाही" असं जी दरडावून सांगते, तिने. असो.

इंग्लंडातल्या आमच्या नॉरफकमध्ये धातू शोधायचा डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारे पैशाला पासरी आहेत. मिळत नाही ती परवानगी. शेतकऱ्याशी हात मिळवायचा आणि तो हात जन्मभर सांभाळायचा, एवढाच आमच्यात करार असतो. एकोणीस वर्षं मी मिस्टर थर्कटल यांच्या जमिनीवर जात होते. कापणी झाली की जायचं, पेरणी झाली की थांबायचं. खड्डा असा बुजवायचा की दुसऱ्या दिवशी आपला आपल्यालाही सापडू नये. सापडलेली प्रत्येक चांगली वस्तू त्यांना दाखवायची. आणि जे भंगार निघेल, खिळे, शिशाचे गोळे, काडतुसांची बुडं, ते वावरात परत न फेकता त्यांच्या कोठारातल्या बादलीत टाकायचं. ती बादली भरून इतकी जड झाली होती की ते कोठाराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तीच लावून ठेवत. एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांना मिस्टर आणि मिसेसच म्हणत आलो. नाताळात मी एक केक द्यायचे, ते एक तितर द्यायचे.

शिवाय एक नियम आहे, तो मोडणाऱ्याला मी माणसात धरत नाही. नांगर जातो तितकंच खोल जायचं. वीतभर, फार तर सव्वा वीत. त्याखाली यंत्र वाजलं तर हात मागे घ्यायचा, माती लोटायची आणि म्युझियमच्या नोंदणीवाल्या बाईंना फोन करायचा. कारण नांगराच्या वरचं सगळं ढवळलेलं असतं, पण खालचं जिथे ठेवलं तिथेच असतं. कोणीतरी ते तिथे ठेवलेलं असतं.

आमच्या क्लबातला केल्विन मेस लोकांची स्वयंपाकघरं बसवायचा. जीभ अशी गोड की भिंत वाकडी असली तरी घरमालकिणीलाच "नजर तिरपी आहे हो तुमची" असं पटवून द्यायचा. गेल्या वर्षी त्याची परवानगीची शेतं हातची गेली. का गेली ते मी विचारायला हवं होतं. मार्चपासून तो माझ्या मागे लागला.

"लॉर्ना, अगं तीन शनिवार फक्त. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आलीय."

"भिंती तरी ऐकतात का तुझं?"

"त्यांनाही कंटाळा आलाय. नेशील ना?"

मी मिस्टर थर्कटलना विचारलं. त्यांनी टोपी मागे सारून माझ्याकडे बघितलं. "माणूस कसा आहे?"

"जबाबदारी माझी," मी म्हणाले.

ऑगस्टचा तिसरा शनिवार. चॅपलच्या वावरात जवाची धसकटं उभी होती. मी ओकच्या झाडाकडच्या टोकाला होते, केल्विन फाटकाच्या बाजूला. दोनदा वर बघितलं तर दोन्ही वेळा गडी गुडघ्यावर. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर, अर्धा-पाऊण तास! मी हेडफोन काढून निघाले तसा तो उठला आणि पायाने माती सारू लागला.

"काय होतं रे?"

"नांगराचा फाळ. गंजून पार पीठ झालेला. जीव काढला मेल्याने."

"आणि हा खड्डा असा ठेवणारेस? उद्या ट्रॅक्टरवाल्याचं चाक अडकलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही राहायची."

"अगं, करतो ना."

पण त्याचं करणं मला ठाऊक होतं. मीच फावडं घेतलं. माती ओढली तर माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. गुडघ्यापर्यंत! तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण मी त्याच्या आळशीपणावर तोंड सोडण्यात इतकी गुंग होते की खड्डा भरला, बुटांनी नीट दाबला, वर धसकटंही पसरली. तो थर्मासमधून चहा ओतत होता. मला अर्धा कप दिला, तोही मी प्यायले.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी क्लबाची बैठक होती. गावच्या हॉलमध्ये महिन्यातल्या सर्वोत्तम वस्तूंचं टेबल मांडतात. केल्विनने डबा उघडला आणि खुर्च्या सरकल्या. कापसावर तळहाताएवढा ब्रोच होता, खांद्यावर वस्त्र अडकवायचा. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा, चौदाशे वर्षांपूर्वीचा. चौकोनी माथा, खाली निमुळता पाय. अशी वस्तू बघायला माणसं जन्म घालवतात.

"कुठे मिळाला?" कोणीतरी विचारलं.

"माझ्याच कुरणात. गेल्या रविवारी," केल्विन म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याने घोडा ठेवायला म्हणून गावाबाहेर चार मैलांवर जमिनीचा तुकडा घेतला होता. टाळ्या पडल्या.

इथे कायदा सांगायला हवा. अशी चांदीची वस्तू सरकारला कळवावी लागते. म्युझियमने घेतली तर बक्षीस निम्मं शोधणाऱ्याचं, निम्मं जमीनमालकाचं. वस्तू स्वतःच्याच जमिनीत सापडली तर मग वाटणीच नाही. आणि नावही एकट्याचंच.

मी वाकून बघितलं. ब्रोचच्या माथ्याच्या दोन कोपऱ्यांना कानासारखे उंचवटे होते; डाव्या कानावर एक चेहरा होता. गोल डोळे, झुबकेदार मिशा. उजवा कान मोडलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती नुसती केल्विनवर नव्हती. कारण हा उजवा कान कुठे आहे ते मला माहीत होतं, आणि तो तिथे कोणी टाकला तेही.  केल्विनने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "तुलाही मिळेल गं एखाद दिवशी." त्याच्या कानाखाली जाळ काढला नाही, ही माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी कमाई.

सकाळी आठला मी कोठारापुढे उभी होते. मिस्टर थर्कटल बाहेर आले.

"लवकर आलात. बरं झालं. सोमवारी मोठा नांगर येतोय चॅपलच्या वावरात. दोन फूट खोल घालणार. जमीन दगड झालीय, बिटाची मुळं आत जात नाहीत."

दोन फूट.  असा ब्रोच कुणी शेतात सांडत नाही. गुडघाभर खोल, एका जागी, म्हणजे ते थडगं होतं. आणि त्या काळची माणसं एकट्यादुकट्याला पुरत नसत.

"मला तुमची बादली हवीय," मी म्हणाले.

"दाराची?"

"आणि नऊ वर्षांपूर्वीचा तो चेहरा आठवतोय तुम्हाला? तुमच्यासारखा दिसणारा?"

"मिशीवाला? न आठवायला काय झालं? बायको जाईपर्यंत त्यावरून चिडवत होती मला."

बादली दोघांनी मिळून आडवी केली. मी काँक्रीटवर मांडी ठोकली आणि एकोणीस वर्षांचं भंगार एकेक करून बाजूला सारत गेले. तासभर लागला. सारताना त्यांना सगळं सांगितलं. केल्विनचा खड्डा, तो मी भरला ते, आणि हा तुकडा मी तीन सेकंद बघून फेकला तेही. हे शेवटचं सांगताना मान वर झाली नाही.  बादलीच्या तळातली माती चाचपताना तो हाताला लागला. थुंकी लावून पुसला. मिशा तशाच होत्या.

त्यांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला, आणि घरात जाऊन नांगरवाल्याला फोन केला. सोमवारचं येणं रद्द.

गुरुवारी म्युझियमच्या इमोजेनबाई गावच्या वाचनालयात बसतात, लोकांनी आणलेल्या वस्तू नोंदवून घेतात. केल्विन तिथे डबा घेऊन बसला होता. मी आणि मिस्टर थर्कटल आत शिरलो तसा त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग लगेच हसला.

"अरे वा, स्वागत समिती!"

मी तुकडा इमोजेनबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्या तरुण आहेत, पण बाई हुशार.  चिमट्याने उचलला, दिव्याखाली धरला आणि ब्रोचच्या मोडक्या कडेशी टेकवला. फट दिसेनाशी झाली. दोन चेहरे एकमेकांकडे बघू लागले.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

"मिस्टर थर्कटल यांच्या चॅपलच्या वावरातला. नऊ वर्षांपूर्वीचा. कधीतरी खोल गेलेल्या नांगराचं टोक लागून मोडला असणार आणि वर आला असणार. बाकीचा या केल्विनने गेल्या महिन्यात तिथूनच उपटला, गुडघाभर खड्डा करून. तो खड्डा मी बुजवलाय, जागा मी डोळे मिटून दाखवीन."

"नांगरातून माती इकडची तिकडे जाते," केल्विन म्हणाला.

"चार मैल?" मिस्टर थर्कटल म्हणाले. "मधे नदी आहे. माझ्या नांगराला पोहता येत नाही, गड्या."

केल्विनने मग माझ्याकडे मोर्चा वळवला. "आणि तू गं? नऊ वर्षं गंजत ठेवलास बादलीत. दाराला लावलास! निदान मी ओळखला तरी. तू कोण मला शिकवणारी?"

वाचनालयातली माणसं पुस्तकांतून माना वर काढून बघत होती. खोटं नव्हतं ते, म्हणून जास्त झोंबलं.

"मी मूर्खपणा केला," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजाला ते छप्पर पुरेना. "चव्हाट्यावर सांगते, मूर्खपणा केला! पण मी मूर्ख आहे म्हणून तू चोर नाहीस असं होत नाही, केल्विन. तुला तिथे खाली माणूस पुरलेलं दिसलं असणार. हाडं दिसली असणार. तू हात घालून ओढलंस, वर मला फाळ म्हणून सांगितलंस आणि माझ्याच हाताने माती लोटायला लावलीस. आणि चहा पाजलास मला! तुझा चहा प्यायले मी!"

तो उठून गेला. डबा तिथेच राहिला. पुढे पोलीस, जबाब, क्लबातून हकालपट्टी, सगळं झालं. त्यात मला काडीचाही आनंद मिळाला नाही. तीनदा त्याच्या घरावरून गेले आणि तिन्ही वेळा दगड उचलावासा वाटला.

ऑक्टोबरात म्युझियमची माणसं आली. फाटकाजवळ अकरा थडगी निघाली, काही तर नांगराच्या टोकाखाली जेमतेम चार बोटं. ब्रोचवाली बाई तिशीची असावी. इमोजेनबाईंनी मला खड्ड्याच्या काठाशी बोलावून दाखवलं. खांद्याचं हाड दोन तुकड्यांत होतं. बाकी हाडांची मोड जुनी, तपकिरी, ही मात्र पांढरीफटक होती.

"फावड्याची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ताजी."

त्याच्या वरची माती माझ्या बुटांनी दाबलेली होती. नीट, सगळीकडून सारखी, मला जमते तशी.

त्या दिवशी निघताना मिस्टर थर्कटल कोठाराशी थांबले होते. वारा सुटला होता.

"यापुढे माझ्या जमिनीवर कोणी यंत्र घेऊन येणार नाही," ते म्हणाले. "कोणीच."

"मीसुद्धा?"

"जबाबदारी माझी, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मला भयंकर राग आला. मी तोंड बंद ठेवलं असतं तर कोणाला कळलं असतं? सोमवारी नांगर फिरला असता, त्या अकरा जणांचा चुरा झाला असता, आणि पुढच्या कापणीला मी पुन्हा त्याच वावरात असते, केक घेऊन. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. भंगार त्यांनी बादलीत पुन्हा भरून ठेवलं होतं, एकूण एक खिळा.

"तेवढी बादली घेऊन जा, मिसेस अटिंग," ते म्हणाले. "दाराला मी दगड लावीन."