हिशेबाच्या टपरीतली तिवई

मित्रांनो, कराची नोटीस आलेला माणूस आधी माझ्यावर बसतो आणि मग रडतो. मी मर्गिलान या रेशमाच्या गावातल्या बाजारातली एक जुनी तिवई आहे. तीन पाय, तुतीचं लाकूड आणि माणसं बसून बसून गुळगुळीत झालेली गोल पाटी, एवढाच माझा संसार. मला स्वतःला बेरीज-वजाबाकी येत नाही. पण बेरीज चुकलेली माणसं मी पंचवीस वर्षं पेलली आहेत, तेव्हा दोन शब्द सांगायचा मला हक्क आहे. मी जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म रेशीम कारखान्याच्या सुतारखान्यात झाला. झाडाचा पाला रेशमाच्या किड्यांनी खाल्ला आणि उरलेलं लाकूड तुर्दिअली सुताराच्या हाती आलं. त्याला खरं तर चार पायांचं स्टूल करायचं होतं, पण लाकूड तीनच पायांपुरतं निघालं. साहेब कुरकुरला. तुर्दिअली म्हणाला, तीन पायांचं कधी डुगडुगत नाही, बसून बघा. साहेब बसला आणि गप्प झाला. मग माझी रवानगी हिशेबखात्यात झाली. तिथे सानोबर नावाची एक तरुण कारकून माझ्यावर बसू लागली.

पुढे कारखाना बंद पडला. सानोबरचा आठ महिन्यांचा पगार थकला होता. पैसे नव्हतेच, म्हणून लोकांना वस्तू वाटल्या. कुणाला कापडाचे तागे मिळाले, कुणाला माग मोडून लोखंड. सानोबरच्या वाट्याला एक टेबल आणि मी आले. तिचा नवरा पोट धरून हसला. म्हणाला, आठ महिने राबलीस आणि कमावलंस काय, तर तीन लाकडी पाय! तिने बाजाराच्या फाटकाशी, सामसेवाल्याच्या, म्हणजे भाजलेले समोसे विकणाऱ्याच्या, भट्टीला लागून, एक पत्र्याची टपरी घेतली आणि पाटी लावली: 'कर आणि हिशेबाचा सल्ला'.

तेव्हापासून सगळा बाजार तिला ओपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणतो. शिंपी, नानवाले, कुलपं विकणारे, पाळणे बनवणारे, सगळे तिच्याकडे येतात. कोणता कर कधी भरायचा, कोणती पावती जपायची, मदतीला माणूस ठेवला तर कुठे कळवायचं, हे ती सांगते. कुणी पैसे देतं, कुणी कलिंगड आणून ठेवतं. ती स्वतः खुर्चीवर आणि गिऱ्हाईक माझ्यावर. माणूस बसला की मला कळतं. खरं बोलणारा सगळं वजन टाकून बसतो आणि सरकारला शिव्या घालतो. काही लपवणारा कडेला टेकतो. ओपा आधी माणूस बसतो कसा ते बघायची आणि मगच कागद मागायची. चारचौघांत म्हणायची, "माझी निम्मी अक्कल त्या तिवईत आहे." मला बरं वाटायचं.

मग तिच्या लेकीने तीन निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या डोक्यावर चहाची किटली ठेवली. सहा वर्षं मी किटली सांभाळली. मला वाईट वाटलं. सरळ सांगते, फार वाईट वाटलं.

एका गुरुवारी त्या तिन्ही खुर्च्या शेजारच्या लग्नाला गेल्या होत्या. नेमकी तेव्हाच होसियत आली. ही बाई लग्नात द्यायच्या गाद्या शिवते. घरच्याच अंगणात तिची तीन शिलाई मशीन आहेत आणि हाताखाली दोन विधवा बायका. ओपाने किटली खाली ठेवली आणि मला पुढे ओढलं. होसियत बसली, पिशवीतून नोटीस काढली आणि रडायला लागली.

नोटिशीत लिहिलं होतं की बारा महिन्यांत तुमच्या दुकानाच्या खात्यात इतके सोम, म्हणजे आमच्याकडचे पैसे, आले. ते छोट्या धंद्याच्या मर्यादेबाहेर आहेत, म्हणून मोठा कर भरा, वर दंड भरा, नाहीतर दहा दिवसांत खुलासा द्या. तेवढे पैसे उभे करायचे तर तीनही मशीन विकावी लागली असती. म्हणजे गाद्या गेल्या, आणि त्या दोघींची चूलही गेली.

ओपाने तिचा फोन घेतला आणि जमा रकमा बघायला लागली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सारख्याच रकमा, दहा वेळा.

"हे काय गं? दर महिन्याला दहा बायका एकाच किमतीच्या गाद्या घेतात?"

"गाद्यांचे नाहीत ते, ओपा. भिशीचे आहेत."

आता ही भिशी समजून घ्या. मोहल्ल्यातल्या अकरा बायका दर महिन्याला एकीच्या घरी जमतात, पुलाव खातात, गप्पा मारतात, आणि जिची पाळी असेल तिला सगळ्यांचे पैसे मिळतात. पूर्वी नोटा ताटाखाली सरकवायच्या. आता नवरे आणि मुलगे रशियात कामाला, तिकडून पैसे येतात फोनवर, मग बायकाही फोनवरूनच पाठवतात. गेल्या वर्षापासून भिशी होसियतकडे होती. तिने भिंतीवर चिकटवलेला, गिऱ्हाइकांनी पैसे पाठवायचा दुकानाचाच नंबर सगळ्यांना देऊन टाकला. पैसे यायचे, ती काढून जिची पाळी तिच्या हातावर ठेवायची. तिला वाटलं, यात काय मोठंसं!

ओपा भडकली. म्हणाली, "दुकानाचा खिसा वेगळा, घराचा खिसा वेगळा, हे मी तुला किती वेळा सांगितलं?"

"पण भिशी म्हणजे काही धंदा नाही, ओपा."

"ते मला कळतं. कागदाला काय कळतंय? त्याला पैसे आले तेवढेच दिसतात."

होसियतने मग हळूच विचारलं, कुलूपवाला म्हणतो तसं कापसाच्या खरेदीची खोटी बिलं जोडली तर? ओपाने फोन टेबलावर आपटला. म्हणाली, "आज मशीन जातील, उद्या तू स्वतः जाशील. खोट्या कागदाला माझा हात लागणार नाही. नोटीस आल्यावर येतेस त्यापेक्षा नंबर देण्याआधी आली असतीस, तर एका वाटी चहात काम झालं असतं." मग जरा शांत होऊन तिने उपाय सांगितला. दहाही जणींनी लिहून द्यायचं: किती दिले, कुठल्या महिन्यात घेतले, आणि खाली सही.

हे ऐकून होसियत आणखीनच पांढरी पडली. मित्रांनो, त्या भिशीत कुणी काही लिहीत नाही. लिहायला सांगणं म्हणजे समोरच्या बाईला तोंडावर चोर म्हणणं. ओयनिसा आजीने तीस वर्षांपूर्वी भिशी सुरू केली तेव्हापासूनचा हा नियम. होसियतने तरी पदर पसरला. एकेक करून नऊ जणी टपरीत आल्या. एक म्हणाली, नवऱ्याला कळणार नाही ना? दुसरी सही करताना हसतच सुटली. पण ओयनिसा आजीने दार लावून घेतलं. माझ्या भिशीत शाई येणार नाही, एवढंच आतून ऐकू आलं, असं होसियतने येऊन सांगितलं.

त्यात आणखी एक घोळ निघाला. नऊ कागद जुळेचनात. दोघींनी लिहिलं की मार्चची पाळी माझी, आणि जूनची कुणाचीच नाही. असे कागद कराच्या कार्यालयात नेले असते तर तिथल्या साहेबाने हसून परत दिले असते.

नवव्या दिवशी सकाळी ओयनिसा आजी काठी टेकत आपणहून आली. प्लास्टिकच्या खुर्च्या लग्नाहून परत आल्या होत्या. आजीने एक हलवून पाहिली, नाक मुरडलं आणि माझ्यावर बसली. कडेला बसली. मी मनात म्हटलं, हिच्याकडे काहीतरी आहे.

आधी तिने होसियतची यथेच्छ खरडपट्टी काढली. मग नऊ कागदांचं काय झालं ते विचारलं. ओपाने मार्चचा घोळ सांगितला.

"दोघींतली खोटं कोण बोलतंय?" आजीने विचारलं.

"कुणीच नाही, आजी. दोघींनाही मनापासून तसंच आठवतंय."

आजीने दाराबाहेर पाहिलं. सामसेवाल्याची भट्टी बाहेर धूर सोडत होती. मग तिने टपरीचं दार लावायला सांगितलं, कमरेच्या रुमालाची गाठ सोडली आणि आतून एक वही काढली. तिच्यात तारखा होत्या, नावं होती, रकमा होत्या. तीस वर्षांतली एकही पाळी सुटली नव्हती. भिशी होसियतकडे गेल्यावरचीसुद्धा.

होसियतचं तोंड उघडंच राहिलं. "आजी, तुम्हीच म्हणायचात ना, लिहिणं म्हणजे अविश्वास?"

"म्हणायचे. आणि घरी जाऊन लिहायचे." आजी खाली बघत बोलत होती. "याच्या आधी आमची एक छोटी भिशी होती. माझी सख्खी जाऊ एकदा म्हणाली, मला माझी पाळी मिळालीच नाही. मिळाली होती, मी स्वतः दिली होती. लेखी काही नव्हतं. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. एका अंगणात राहून आम्ही पुन्हा बोललो नाही. ती गेली, तेव्हाही मी तिच्या उशाशी गेले नाही."

ओपाने वही हातात घेतली नाही. ती म्हणाली, "आजी, ही दाखवली की सगळ्यांना कळणार."

"त्या दोन बायका त्याच मशीनवर पोट भरतात ना? मग कळू दे." एवढं बोलून आजीने वही टेबलावर ठेवली.

त्या दिवशी ओपा जेवली नाही. फोनमधली एकेक रक्कम तिने वहीशी ताडून पाहिली. मार्चची पाळी एकीची निघाली आणि जूनची दुसरीची. दुसरीने वही पाहिली, कपाळावर हात मारला आणि नवा कागद लिहून दिला. कार्यालयाने खुलासा मान्य केला. गाद्यांवरचा कर होसियतला भरावाच लागला, हिशेब नीट न ठेवल्याचा थोडा दंडही पडला, तो तिने मुकाट भरला. मशीन अंगणातच राहिली.

पण ज्याची भीती होती ते झालंच. पुढच्या भिशीला एकीने आजीला टोमणा मारला, "म्हणजे तीस वर्षं आम्ही चोर होतो तर!" दोघी आजीच्या शेजारून उठून पलीकडे बसल्या. आजीने पुलावाला हात लावला नाही. हे सगळं होसियतने टपरीत येऊन सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

काही दिवसांनी आजी स्वतः आली. होसियत पावत्या लावायला बसलीच होती. ती माझ्यावरून उठली आणि आजी बसली. या खेपेला आजी पाटीभर बसली, सगळं वजन टाकून. तिने वही परत मागितली. ओपा म्हणाली की ती कार्यालयाच्या फायलीत लागली, आता मिळायची नाही, आणि कपाटातून एक कोरी वही काढून दिली. आजीने पानं चाळली आणि वही होसियतच्या मांडीवर ठेवली.

"आता तू लिही. माझ्यासारखं घरी जाऊन चोरून नको. पुलाव वाढायच्या आधी, सगळ्यांच्या देखत लिहायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं."

होसियतने मान हलवली आणि पेन काढलं. पहिलं नाव कुणाचं लिहू, असं तिने विचारलं.

मित्रांनो, माझं तुम्हाला एकच मागणं आहे. पैसे घेण्याआधी विचारा, आणि दिले-घेतलेलं त्याच दिवशी लिहा. कर वाचावा म्हणून लिहा असं ओपा सांगेल. मी म्हणते, माणसं वाचावीत म्हणूनही लिहा. मी काही शिकलेली नाही, पण त्या दिवशी आजी माझ्यावर बसून काय म्हणाली ते मी ऐकलं आहे.

"पहिलं नाव माझ्या जावेचं लिही," ती म्हणाली. "ती खोटं बोलत नव्हती गं. तिला आठवत नव्हतं."