एकटी प्रवासी, वय चार

इजिप्तमधल्या सोहागच्या विमानतळावर सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी नजलाच्या हाती दोनच बोर्डिंग पास आले. एक तिचा, एक मांडीवर बसून जाणाऱ्या दहा महिन्यांच्या मुआजचा. चार वर्षांच्या रुकय्याचा पास निघाला नाही.

"विमान बदललंय, बाई," काउंटरवरचा तरुण म्हणाला. "छोटं आलंय. बारा जणांना उद्या पाठवतोय. एकट्या प्रवाशांना आधी काढलंय."

"एकटी? ही?" नजलाने रुकय्याला उचलून काउंटरवर बसवलं. "हिला अजून बुटाचे बंद बांधता येत नाहीत."

"कॉम्प्युटरला बूट दिसत नाहीत. हिचं तिकीट वेगळं, तुमचं आणि बाळाचं वेगळं."

नजलाने मागे पाहिलं. दोरीपलीकडे तिचा दीर रिफाई उभा होता. तिकिटं त्यानेच काढली होती.

"मुआजच्या आई, तिकिटाच्या दुकानात गावातले दहा जण बसले होते," तो खालमानेने म्हणाला. "त्यांच्यासमोर तुमचं नाव कसं घ्यायचं? रुकय्याचं तिकीट तेव्हा केलं. 'सोबत मोठं माणूस आहे' एवढं दुकानदाराने लिहिलं. तुमचा पासपोर्ट दुसऱ्या दिवशी नेला, दुकान रिकामं बघून."

परक्या पुरुषांत घरच्या बाईचं नाव घ्यायचं नाही, ही रीत नजलालाही ठाऊक होती. इतर वेळी तिने त्याला शहाणाच म्हटलं असतं.

"माझं नाव झाकलंत, भाऊ, आणि पोरगी उघड्यावर टाकलीत."

ती पुन्हा काउंटरकडे वळली. "आता जोडा दोन्ही तिकिटं."

"तिकिटं जोडतो. जागा कुठून आणू?"

"माझी घ्या. मी बाळाला घेऊन मागे राहते. कुवेतला हिचा बाप उभाच आहे."

"पाच वर्षांखालच्या मुलाला एकटं चढवता येत नाही."

"आत्ता तर तुम्ही हिला एकटी प्रवासी म्हणालात."

तरुण कॉम्प्युटरकडे वळला. त्याने रुकय्याचं नाव प्रतीक्षायादीत घातलं. तिसरं.

उद्याचा उपयोग नव्हता. तिघांच्या व्हिसावर कुवेतमध्ये शिरायची शेवटची तारीख आजचीच होती. हे व्हिसे मिळवायला नवऱ्याला, सबरीला, दोन वर्षं लागली होती. मुआजला त्याने फोनवरच पाहिलं होतं.

दहा वाजता त्याचाच फोन आला. तिने सगळं सांगितलं.

"तू मुआजला घेऊन ये," तो म्हणाला. "रुकय्याला रिफाईकडे ठेव. मी परत अर्ज करतो."

"परत दोन वर्षं? ती सहाची होईल."

"आणि तिघंही राहिलात तर? मी नुसता फोनच बघत बसू?"

"उद्या ती विचारेल, आई मला का सोडून गेली. तेव्हा फोनवर तुम्ही सांगाल?"

"नजला, मी काय म्हणू मग?"

तिने फोन बंद न करता तसाच हातात धरला.

यादीतल्या पहिल्या दोघांना जागा मिळाल्या. त्यातला एक तंबाखूचा व्यापारी. नजलाने त्याला जागा देता का विचारलं. त्याने रुकय्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मुलाचं लग्न आहे म्हणाला आणि आत गेला.

काउंटर दहा चाळीसला बंद होणार होतं. साडेदहाला एकच प्रवासी यायचा राहिला होता. गाडी गिरगाच्या रस्त्यावर अडकलीय, पण तो पोचतोय, असा त्याच्या भावाचा फोन आला.

"नाहीच आला तर जागा हिची," तरुण म्हणाला. "पण तो आला तर तुमचं काय, ते आत्ताच ठरवा, बाई. तुम्ही जाताय की तुमचीही जागा सोडू?"

रिफाईने दोरीवरून दोन्ही हात पुढे केले. "चल गं रुकय्या, काकाकडे ये."

रुकय्या आईच्या पायघोळ अबायाला धरून तिच्या मागे सरकली.

दहा वाजून अडतीस मिनिटांनी तो प्रवासी आलेला नव्हता. नजलाच्या बॅगा जमिनीवरच होत्या, फोन चालू होता, आणि जायचं की राहायचं, हे तिने अजून सांगितलेलं नव्हतं.