नऊ डंपर कच्ची माती

घोटीच्या अलीकडे, हायवेपासून दोन किलोमीटर आत, रंगाचा एक कारखाना होता. तो बंद पडून सात वर्षं झाली होती. जागा विकत घेणाऱ्याला तिथे गोदामं बांधायची होती, पण न्यायालयाने सांगितलं, आधी आतली आणि शेजारची माती स्वच्छ करा, मग काय बांधायचं ते बांधा. म्हणून मार्च महिन्यात चार ट्रेलरवरून एक मशीन आलं आणि मशीनच्या मागोमाग हर्षाली आली.

हर्षाली नाशिकची, गंगापूर रोडला राहणारी. केमिकल इंजिनीअर, वय एकतीस. आपण माती भाजतो, असं तिने घरी सांगितलं होतं. नातेवाइकांना सांगताना आईने त्यात सुधारणा करून ‘ती पर्यावरणात आहे’ असं केलं होतं.

पण काम भाजण्याचंच होतं. एका टोकाला खणलेली माती पडायची, चाळणीतून दगड बाजूला व्हायचे आणि पट्ट्यावरून माती एका लांब, आडव्या, फिरत्या ढोलात जायची. ढोलात ज्योत होती. साडेचारशे अंशांना मातीतलं थिनर, तेल वगैरे वाफ होऊन निघायचं. ती वाफ शेजारच्या भट्टीत जाळून टाकायची. दुसऱ्या टोकाला माती बाहेर पडायची, तिच्यावर पाण्याचा फवारा यायचा आणि ती स्वच्छ झालेली असायची. तासाला पंधरा टन.

एप्रिलमध्ये कारखान्याची माती संपली आणि शेजारच्या शेताची सुरू झाली. शेत पंधरा गुंठ्यांचं, कारखान्याच्या उताराखाली. गेली अकरा वर्षं त्यात भात लावला की पिवळा पडायचा आणि दाण्याला रॉकेलसारखा वास यायचा. शेत खणायला घेतलं त्याच दिवशी मालकीणबाई एक गोणपाट घेऊन आल्या, माती बाहेर पडायची तिथून वीस पावलांवर करंजाच्या सावलीत ते अंथरलं आणि बसल्या. नाव कुसाबाई, वय साठीच्या आसपास.

“मावशी, इथे धूळ लागेल,” हर्षाली म्हणाली.

“लागू दे. माझीच हाय.”

सुरक्षेच्या नियमांत शेतमालकाने बसण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. हर्षालीने त्यांना एक पिवळं हेल्मेट दिलं. कुसाबाईंनी ते पदरावरून घातलं आणि मशीनकडे बघत राहिल्या.

“किती भाजता?” त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“साडेचारशे डिग्री.”

“ते नाय कळत मला. रंग कसा येतो?”

“लालसर.”

“मग बरोबर हाय. आम्हीबी भाजतो की. राब. पाचोळा, शेण, फांद्या पसरायच्या आन्‌ भाताच्या रोपाची जागा भाजून काढायची. पण आम्ही चार बोटं भाजतो. तुम्ही पार कमरेएवढी भाजताय.”

“त्यात जीव राहत नाही, मावशी,” हर्षाली प्रामाणिकपणे म्हणाली. “गांडुळं, जंतू, सगळं जातं. पुढची दोन-तीन वर्षं भरपूर शेणखत घालावं लागेल.”

“आत्ता कुठला जीव हाय तिच्यात?”

हर्षालीने रजिस्टरमध्ये तापमान लिहिलं.

कुसाबाई रोज येत. त्यांचे यजमान सावळीराम कधीच येत नसत, आणि त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. सावळीराम त्याच कारखान्यात चौदा वर्षं पिंपं धुवायला होते. थिनरने पिंप विसळायचं आणि ते थिनर मागच्या खड्ड्यात ओतायचं, असं काम होतं. खड्डा उतारावर होता. उताराखाली त्यांचंच शेत होतं. पहिली काही वर्षं काहीच झालं नाही, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. हे सगळं हर्षालीला लोडर चालवणाऱ्या धनराजने सांगितलं. धनराज मनमाडचा, पण कुठल्याही गावात आठ दिवसांत तिथला होऊन जायचा.

“म्हातारा ओटीवर बसून असतो,” धनराज म्हणाला. “बोलत नाही कुणाशी.”

माती एक तारखेला, महाराष्ट्र दिनी, तहसीलदारांच्या हस्ते कुसाबाईंना परत द्यायची असं ठरलं होतं. माती कशी परत देतात हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, पण मंडप सांगून झाला होता. खरं तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत भाजलेली माती ढिगात ठेवायची असते. अहवालाला आठ दिवस लागतात. तेवढे दिवस नव्हते, म्हणून ऑफिसच्या सांगण्यावरून माती थेट शेतात पसरली जात होती.

सत्तावीस तारखेला सकाळी दहा वाजता मशीनच्या स्क्रीनवर ४५२ हा आकडा होता. बारा वाजताही ४५२ होता. तीन वाजता ४५२. एरवी तो चारशे तीस ते चारशे सत्तरच्या मध्ये हेलकावत असे. त्या मानाने आज मशीन फारच समजूतदारपणे वागत होतं. हर्षालीने दर तासाला रजिस्टरमध्ये ४५२ लिहिलं. मधल्या वेळात तिने कार्यक्रमपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या.

चारच्या सुमाराला केबिनच्या दारात पिवळं हेल्मेट दिसलं. कुसाबाई याआधी कधी केबिनपर्यंत आल्या नव्हत्या.

“मॅडम, आज राब कच्चा हाय.”

“म्हणजे?”

“माती काळीच पडतीय. काल पाणी पडलं की चरचर वाजायची. आज नुसती भिजतीय.” मग त्या म्हणाल्या, “वासबी हाय.”

“आकडा बरोबर आहे, मावशी.” हर्षालीने स्क्रीन दाखवली.

कुसाबाईंनी स्क्रीनकडे बघितलं. “असंल,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

हर्षाली दोन मिनिटं बसली. मग तापमान मोजायचं हातातलं यंत्र घेऊन बाहेर आली आणि ढोलातून पडणाऱ्या मातीवर धरलं. १३८. तिने ते हातावर आपटलं आणि पुन्हा धरलं. १३६.

मातीचं तापमान मोजणारी सळई सकाळी दहाला बिघडली होती आणि शेवटचा आकडा तेवढा स्क्रीनवर चिकटून राहिला होता. मशीन आपल्या परीने शहाणं होतं. माती दोन अंशांनी जास्त तापली आहे असं समजून त्याने ज्योत जराशी कमी केली. आकडा हलला नाही, म्हणून आणखी जराशी. असं सहा तास चाललं होतं.

हर्षालीने मशीन बंद करवलं. अचानक शांतता झाली तसा धनराज लोडरवरून उतरला.

“तुम्हाला माती वेगळी वाटली नाही का?” तिने विचारलं.

“वाटली.”

“मग बोलला का नाहीत?”

“मॅडम, स्क्रीन तुमच्याकडे आहे. मी आपला लोडर चालवतो.”

सहा तासांत नऊ डंपर माती शेतात गेली होती आणि सपाटही झाली होती. हर्षालीने पुण्याच्या ऑफिसात योगेश सरांना फोन लावला. हे काम त्यांच्या अखत्यारीत होतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आजचं सॅम्पल कधी काढलंस?”

“सकाळी साडेआठला.”

“म्हणजे बिघाडाच्या आधी. रिपोर्ट चांगला येणार.”

“हो सर.”

“मग अडचण काय आहे?”

“माती चांगली नाही.”

“तुला हे कळलं कसं?”

“शेतमालक बाई आहेत. त्या बघत होत्या.”

“त्यांचं शिक्षण काय?”

“त्या राब भाजतात, सर.”

“हर्षाली, मंडप सांगितलाय. तहसीलदारांची तारीख मिळालीय. आज काही ठरवू नकोस. आणि हे लेखी पाठवू नकोस.”

फोन ठेवल्यावर हर्षालीने रजिस्टर उघडलं. सहा वेळा ४५२, खाली तिची सही. अहवाल चांगला येणार होता. स्क्रीन खोटं बोलली होती, तिने फक्त लिहून घेतलं होतं. येत्या पावसाळ्यात भात पुन्हा पिवळा पडला, तर जमिनीला सवय लागलीय असंही कोणी म्हणालं असतं. तिने दुपारचा तसाच राहिलेला डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

बाहेर कुसाबाई गोणपाट झटकत होत्या. हेल्मेट नेहमीच्या खिळ्याला अडकवून त्या घरी गेल्या.

हर्षालीने सगळं लेखी पाठवलं.

सकाळी कुसाबाई आल्या तेव्हा ती करंजाखाली उभीच होती.

“मावशी, तुमच्या शेतात काल नऊ डंपर कच्ची माती गेली. चूक माझी आहे. मी दिवसभर आकडा लिहीत बसले.”

“काढा मग.”

“काढणार आहे. पण कुठे पडली ते नेमकं सांगता येत नाहीये.”

धनराजला विचारलं तर त्याने हाताने जवळजवळ अर्धं शेत दाखवलं. सपाट करणाऱ्या मशीनच्या माणसाने उरलेलं अर्धं दाखवलं. सगळं उकरून पुन्हा भाजायचं म्हणजे बारा-पंधरा दिवस. ऑफिस तेवढं ऐकणार नव्हतं हे हर्षालीला ठाऊक होतं. कुसाबाईंनी शेताकडे बघितलं, गोणपाट तिथेच ठेवलं आणि घराकडे चालू लागल्या.

अर्ध्या तासाने त्या परत आल्या तेव्हा मागे सावळीराम होते. उंच, वाळलेला माणूस. एका हातात खुंट्यांची मोळी, दुसऱ्या हातात दगड. ते कोणाकडे न बघता शेतात उतरले.

“पहिला डंपर हिथं,” बांधाजवळ खुंटी ठोकत ते म्हणाले. “साडेधाला आला. दुसरा त्याच्या डाव्या अंगाला. तिसऱ्याला चाक रुतलं, म्हणून अलीकडंच वतला.”

“तुम्ही बघत होतात?” हर्षालीने विचारलं.

“वटीवरनं दिसतं.”

ते महिनाभर ओटीवर बसून शेतात पडणारा प्रत्येक डंपर बघत होते. आपल्याला कोणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि न विचारता सांगावं असंही नाही. त्यांनी एकोणीस खुंट्या ठोकल्या. हर्षाली मागोमाग हातातलं वास मोजायचं यंत्र घेऊन फिरली. खुंट्यांच्या आत यंत्र वाजलं, बाहेर वाजलं नाही. फक्त सहाव्या डंपरपाशी खुंटीच्या बाहेरही दोन हात वाजत राहिलं.

सावळीरामांनी ती खुंटी उपटून दोन हात पुढे ठोकली. “तवा च्या पीत व्हतो,” ते म्हणाले.

काम आटोपून ते बांधावर टेकले. समोर उताराच्या वर जुना खड्डा होता. तो आता रिकामा आणि खणलेल्या कडांचा होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, “पिंपं मीच धुतली.”

“मला माहीत आहे, बाबा.”

“साहेब म्हणायचा, मागं वत. वास यायचा. पण पिंप लय स्वच्छ निघायचं.”

हर्षालीला कालचं रजिस्टर आठवलं आणि तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली. कुसाबाईंनी ती मधेच घेतली, स्वतः दोन घोट प्यायल्या आणि मग नवऱ्याकडे दिली.

नवी सळई नाशिकहून दुसऱ्या दिवशी आली. खुंट्यांच्या आतली माती वर आली, ढोलात गेली, साडेचारशेवर भाजली. खुंट्यांच्या आतून काढलेल्या सॅम्पलचा अहवाल आठ दिवसांनी आला तेव्हा त्यात थिनरचं प्रमाण मर्यादेच्या नऊपट निघालं. तोवर नऊ डंपर लाल होऊन जागेवर गेले होते. या दिवसांत सावळीरामही करंजाखाली बसू लागले. हेल्मेट एकच होतं, ते दोघं आळीपाळीने घालत.

हर्षालीने लेखी कळवल्यामुळे एक मेचा कार्यक्रम दहा तारखेवर गेला. तहसीलदारांनी एका परातीत लाल माती घेऊन ती कुसाबाईंच्या हातात दिली, फोटो झाला, आणि परात मंडपवाल्याची असल्यामुळे ती माती लगेच शेतात ओतून परात परत करण्यात आली. हर्षालीला त्याच दुपारी ऑफिसकडून दोन पत्रं मिळाली. एकात परवानगी न घेता मशीन बंद केल्याबद्दल खुलासा मागवला होता, दुसऱ्यात दक्षतेबद्दल अभिनंदन होतं. दोन्हींवर योगेश सरांची सही होती. तिने खुलासा लिहिला, आभार लिहिले, आणि दोन्ही एकाच लिफाफ्यात घालून पाठवले.

मशीन पुढे चाकणकडे गेलं. तिथे हर्षाली तासातासाला केबिनमधून उठून माती पडते तिथे जाऊन उभी राहायची. काय वाजतं ते ऐकायची, मग आकडा लिहायची. सोबतच्या लोकांना त्यात श्रद्धेचा भाग असावा असं वाटायचं.

नोव्हेंबरमध्ये कुसाबाईंचा फोन आला. आधी सावळीरामांचा गुडघा, मग कुणाचं तरी लग्न, असं सगळं सांगून झालं.

“भात कसा आला, मावशी?” हर्षालीने शेवटी विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच चोरटा वाटला.

“बारका. निम्माच. वीस गाड्या खत वतलं तरी निम्मा. पण हिरवा व्हता. वास नाय.” मग त्या म्हणाल्या, “काढणीच्या दोन दिस आधी रानडुकरं घुसली. एक कोपरा पार लोळवला.”

“अरेरे.”

“अरेरे काय? अकरा वर्सात एक डुक्कर फिरकलं नव्हतं त्या शेतात. ह्ये तर रात दिस सांगत फिरत्यात गावात, डुकरं आली, डुकरं आली.” मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “डुकरांसाठी तुमच्याकडं काय मशीन हाय का?”

“नाही, मावशी.”

“बरं,” कुसाबाई म्हणाल्या. “मग कुंपण करतो.”