तोंडाचा ट्रॅक्टर

मित्रांनो, तुम्हांला मला हात लावता येत नाही. मी पाच गाण्यांचा अल्बम आहे, शिरूर कासारच्या चार ऊसतोड गड्यांचा पहिलावहिला. राहतो बबनरावांच्या मोबाइलमध्ये. माझ्यात वाद्य एकही नाही. ढोलकी, शेळी, कुकरची शिट्टी, सगळं तोंडाने! अशी माणसं मी दुसरीकडे ऐकली नाहीत.

गाणं तिसरं. इथूनच सुरू करतो, कारण मी इथेच मरता मरता वाचलो.

दसरा होऊन गेला होता. चौघांचे मुकादम वेगळे, कारखाने वेगळे. न्यायला ट्रॅक्टर कधीही येणार होते. आज जमलं नाही, तर गुढीपाडव्यापर्यंत चौघांची गाठ नाही. चौघांतला सोमेश्वर पावसाळ्यात मोबाइलचं दुकान चालवायचा. त्याने तिथे, रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, भिंतींवर गोधड्या टांगल्या. बाकीची चार गाणी म्हणून झाली. उरलं हे एक, ट्रॅक्टरचं.

अजिनाथने घशातून इंजिन चालू केलं. ते खोकलं. धडधडलं. मग त्याने असा हॉर्न दिला की गल्लीतली माणसं बोचकी घेऊन पळत आली! सर्वांत पुढे बबनरावांची बायको भिवराबाई, डोक्यावर भांड्यांची पाटी.

दार धाडकन उघडलं.

"आवं, ट्रॅक्टर आलं अन् तुमी हितं गात बसलाव?"

"कुटं आलंय? ह्यो अजिनाथ हाय!"

"मग ह्याच्या तोंडात डिझेल वता!"

तिने पाटी आदळली. सगळी गल्ली हसली.

"गेलं गाणं," सोमेश्वर म्हणाला. "पुसतो. परत म्हणू."

तेवढ्यात खरा हॉर्न वाजला. त्रिंबकचा ट्रॅक्टर. त्रिंबक चौघांतला चौथा, बारीक आवाजाचा. त्याने बोचकं उचललं आणि कोणाकडे न बघता गेला.



"पुसू नको रं," बबनराव म्हणाले. "चौघं हायेत त्यात. हाय तसं ठिव."

असा मी पुरा झालो. मध्येच तुटलेला.

आता उसाच्या चार फडांत चार मोबाइल आहेत, चारहींत माझी प्रत. दुपारी भाकर खाताना बबनराव मला लावतात आणि सोबत आपला खालचा सूर धरतात. त्रिंबकची ओळ आली की मात्र थांबतात. त्याला जागा देतात.

मित्रांनो, मोबाइल भरला की तुम्ही आधी जुनी गाणी पुसता. पुसा. पण त्याआधी एकदा ऐका, आत कोण कोण उभं आहे.