अकरा प्रयोग

"अकरा," आई म्हणाली.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. दुखणं केव्हापासून आहे, असं त्यांनी विचारलं होतं.

"अकरा दिवस?"

"छे हो. दुखतंय तसं तीन महिने. अकरा प्रयोग राहिलेत एका मुलीचे. ते झाले की मी मोकळी. मग तुम्ही म्हणाल तेव्हा कापा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजा टाकून, सात तासांचा प्रवास करून आले होते. मी म्हटलं, "तुम्ही तारीख सांगा."

पुढच्या बुधवारी दाखल व्हायचं, गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया. नंतर दोन आठवडे ते बाहेरगावी जाणार होते. तारीख चुकवू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते फक्त माझ्याकडे बघत होते.

पायऱ्या उतरताना आईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "उद्या दोन, परवा दोन, शनिवारी तीन, सोमवारी दोन, मंगळवारी दोन. बसतंय की."

"आई, पोटात लिंबाएवढी गाठ आहे."

"हो ना. लिंबू काय पळून जातंय का कुठे?"

आई एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. एकतीस वर्षं. शिक्षक नव्हे, शिक्षक शिकवायचे, आई साहित्य मांडायची, पुसायची, परत कपाटात ठेवायची. वर्गाच्या फोटोत ती कधी नसायची. पण वर्षाचे शेवटचे सहा आठवडे शाळेतलं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण म्हणजे सायकलस्टँडमागची तिची ती लांबट खोली. कारण दहावीच्या प्रत्येकाची प्रयोगवही पुरी झाल्याशिवाय विज्ञानाचे सर सही करत नसत, आणि सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. प्रात्यक्षिक गेलं की वर्ष गेलं. मग आजारी पडलेले, गावाला गेलेले, सामन्यांना गेलेले आणि नुसतेच उंडारलेले असे सगळे तिच्याकडे येत. भिंतीवरच्या काळ्या पाटीवर ती त्यांची नावं आणि समोर राहिलेल्या प्रयोगांचे आकडे लिहायची. आकडा शून्य झाला की नाव पुसायचं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या व्हरांड्यातून जाताना डोकावून विचारायच्या, "काय, कारखाना जोरात का?"

नुसती मुलंच यायची असंही नाही. अभ्यासक्रम संपत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या एका नव्या शिक्षिकेला आईने कपाटामागच्या स्टुलावर बसवलं होतं आणि बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहायला दिल्या होत्या. तासाभराने त्या उठून वर्गावर गेल्या. "काय समजूत घातलीस?" मी विचारलं तर म्हणाली, "कसली समजूत? अक्षर चांगलं होतं तिचं. वर्ष सुरू काय कुणीही करतं गं. संपवताना माणूस लागतं सोबतीला."

त्या वर्षी पाटीवर शेवटी एकच नाव उरलं होतं. त्या मुलीला आई कुलूप म्हणायची, कारण ती तोंड उघडत नसे. तिचे वडील बांधकामावरून पडून पाठीला मार बसून अंथरुणाला खिळले होते. तिची आई धुलाईच्या कारखान्यात दिवसपाळीला जायची. वडिलांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला घरात कुणीतरी लागे. ते कुणीतरी म्हणजे ही. अडीच महिने ती शाळेत आली नव्हती. आता शेजारची एक म्हातारी दुपारी तीन ते सहा बसायला तयार झाली होती, तेवढा वेळ तिच्याकडे होता. वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी शाळा नाही, आईबरोबर धुलाईला, हे घरात ठरलेलं होतं. हे सगळं आईला तिने सांगितलं नव्हतं. म्हातारीने सांगितलं होतं.

"अकरा?" विज्ञानाचे सर म्हणाले होते. "बाई, अकरा प्रयोग तर मीसुद्धा केलेले नाहीत आयुष्यात."

"माहीत आहे मला," आई म्हणाली होती. "मांडामांड मीच करत होते ना तेव्हा."

गुरुवारी दोन झाले. शुक्रवारी दोन झाले. शनिवारी सकाळी आईला उठवेना. पोट धरून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी औषध दिलं तेव्हा तिने उशीखालून किल्ली काढली.

"तू जा. तीन मांडून ठेवलेत मी काल. तू नुसती बस. ती करेल. हळू करते, पण करते. हात लावू नकोस."

मी गेले. कुलूप व्हरांड्यात उभी होती, दप्तर छातीशी धरून. वयाच्या मानाने उंच, आणि उंची लपवायला पोक काढून उभं राहणारी.

"आई आजारी आहे. आज मी बसते."

तिने मान हलवली. आत जाऊन दिवा पेटवला, चंचुपात्रात पाणी ओतलं, तापमापी लावली आणि हात मागे बांधून उभी राहिली. पाणी तापेना. दिव्याची वात आखूड झाली होती. तिने ती वर ओढली, हात भाजला, फुंकर मारली. पाऊण तास गेला. मी घड्याळाकडे बघत होते. तीन प्रयोग, सहा वाजेपर्यंत. एक जरी राहिला तरी तो सोमवारवर जाणार, सोमवारचा मंगळवारवर आणि मंगळवारचा बुधवारवर. बुधवारी इस्पितळात नुसता बिछाना अडवून ठेवलेला असेल आणि आई इथे उभी असेल.

मी तिची वही ओढून घेतली. "हे बघ, पुस्तकात उत्तर काय दिलंय? पाणी शंभरला उकळतं. मग तक्ता भरताना शेवटी शंभर लिहायचं आणि मागे मागे यायचं. नव्वद, एकोणऐंशी, अडुसष्ट. अगदी सारखं अंतर ठेवायचं नाही, थोडं मागेपुढे करायचं. आम्ही सगळ्यांनी असंच केलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, प्रयोग काय पळून जातोय? पुढच्या वर्षी कर दहा वेळा."

मग भिंगाचा, मग लंबकाचा. मी आकडे सांगत गेले, ती लिहीत गेली. मध्ये मध्ये मी मुद्दाम थोडी चूक घातली, खरं वाटावं म्हणून. मला वाटलं, मी फार हुशारीचं काम करते आहे. पावणेसहाला आम्ही खोलीला कुलूप लावून बाहेर पडलो. घरी आईला म्हटलं, तिन्ही झाले. तिचा चेहरा इतका निवला की मला माझंच कौतुक वाटलं.

सोमवारी तिला थोडं बरं होतं. ती गेली. मी इस्पितळातले कागद करून संध्याकाळी तिला आणायला गेले तेव्हा कुलूप टेबलाच्या एका बाजूला उभी होती आणि आई दुसऱ्या बाजूला बसली होती. मध्ये वही उघडी.

"हे कुणी सांगितलं तुला?" आई विचारत होती. आवाज चढलेला नव्हता. बहुतेक तिने ते बऱ्याच वेळा विचारलं असावं.

मुलगी खाली बघत होती.

"पाणी शंभरला उकळलं?"

मुलीने पानाची कड बोटाने सारखी केली.

"अगं, आपल्या शाळेत पाणी शंभरला उकळत नाही," आई म्हणाली. "ती तापमापी तीन अंश कमी दाखवते. गेली नऊ वर्षं इथं पाणी सत्त्याण्णवला उकळतंय. नापास झालेल्या पोरालाही विचार, सत्त्याण्णव सांगेल. सर मागच्या पानावर तळटीप लिहून घेतात सगळ्यांकडून. तू कुठल्या शाळेत जाऊन आलीस शनिवारी?"

मुलगी माझं नाव घेणार नव्हती. हे मला दारातच कळलं. ती वाटेल तितका वेळ तशीच उभी राहिली असती आणि आईने तिला खोटारडी ठरवलं असतं, तरी उभी राहिली असती.

"मी सांगितलं," मी म्हटलं.

आईने मान वळवली. तिने वही जवळ ओढली, टाकाखाली पट्टी धरली आणि तीन प्रयोगांच्या पानांवर एकेक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, पुन्हा.

घरी येताना रस्त्यात मी हिशेब केला. आजचे दोन, उद्याचे दोन. हे तीन बुधवारी आणि गुरुवारी. वह्या जमा करायचा शेवटचा दिवस शुक्रवार.

"सर बसतील बुधवारी."

"सर बाहेरच्या शाळेत परीक्षक म्हणून चाललेत. उद्याच."

"मोठ्या बाई सही करायला सांगतील. मी विचारते त्यांना."

"त्यांनी आजच म्हटलं. तीन प्रयोगांनी काय बिघडतंय, म्हणाल्या." आई मध्येच थांबली, कुंपणाला टेकली, श्वास घेतला. "बाहेरचा परीक्षक वही उघडतो आणि त्यातलाच एखादा प्रयोग करायला सांगतो. वर तोंडी प्रश्न. ही तोंड तर उघडणारच नाही. निदान हात तरी उघडायला हवेत ना. केलेलं असलं तर हात करतात."

"मग मी बसते. बुधवारी, गुरुवारी. शपथ घेते, हात लावणार नाही."

"तू बसली होतीस," आई म्हणाली.

रागाने नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली हे सांगावं तसं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मग आता तारीख सोळा दिवस पुढे जाईल. मी म्हटलं, चालेल. चालेल हा शब्द मी का वापरला, मला अजून कळत नाही.

बुधवारी, ज्या वेळी तिने इस्पितळाच्या बिछान्यावर असायला हवं होतं, त्या वेळी आई प्रयोगशाळेत स्टुलावर बसली होती. मी दाराबाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर. मला आत यायची बंदी नव्हती, पण मी गेले नाही. आतून आवाज येत होता.

"किती?"

मग मुलीचा, घोगरा, न वापरलेला आवाज. "सत्त्याण्णव."

"लिही."

शुक्रवारी सर परतले, वहीवर सही झाली आणि पाटी कोरी झाली. आईने ओल्या फडक्याने ती दोनदा पुसली आणि भिंतीला हात धरून घरी आली.

प्रात्यक्षिक परीक्षेत मुलीला आलेला प्रयोग त्या तीनांतला नव्हता. तिला तीसपैकी एकवीस गुण मिळाले. निकालाच्या दिवशी आई शस्त्रक्रिया होऊन घरी होती. बातमी सांगायला सर आले. ते दारातूनच म्हणाले, "एकवीस, बाई. तोंडी परीक्षेत भोपळा. नाहीतर पंचवीसच्या पुढे होती."

"असू दे. तिचे आहेत," आई म्हणाली आणि उशीवर मान टाकून डोळे मिटले. सरांना वाटलं ती थकली. मला माहीत होतं, ती खूश झाली की अशीच गप्प होते.

डॉक्टरांनी पोट उघडलं होतं आणि बरंचसं तसंच ठेवून परत शिवलं होतं. मी त्यांना व्हरांड्यात गाठून विचारलं होतं, सोळा दिवस आधी असतं तर? ते सज्जन माणूस होते. म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित थोडा." मग म्हणाले, "तुम्ही हे मनात ठेवू नका." जणू ते कुठे दुसरीकडे ठेवायची सोय होती.

आई शाळा उघडल्यानंतर सातव्या आठवड्यात गेली.

त्या दिवशी घर भरून गेलं होतं. मोठ्या बाई आल्या, सर आले, तीस वर्षांत पाटीवरून पुसली गेलेली कितीतरी नावं आली, काही टक्कल पडलेली, काही कडेवर मूल घेतलेली. प्रत्येकजण एकच गोष्ट थोडी वेगळी करून सांगत होता. कुणाचे चार राहिले होते, कुणाचे नऊ. "माझे तर चौदा होते," एक जाडा गृहस्थ अभिमानाने म्हणाला आणि लगेच ओशाळला.

दुपारी सगळे पांगले. मी स्वयंपाकघरात गेले तर कुलूप तिथे होती. केव्हा आली, कळलं नाही. ती अकरावीला गेली होती. पोक तसाच होता. ओट्यावर चहाचे चाळीसएक कप पडले होते आणि ती त्यांच्याकडे बघत उभी होती.

"ताई," ती म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. "बाईंचं ऑपरेशन माझ्यामुळे पुढे गेलं का?"

कुणीतरी तिला सांगितलं असणार. किंवा तिने स्वतःच दिवस मोजले असणार. मोजायला तिला शिकवलंच होतं.

माझ्यापाशी दोन उत्तरं होती. खरं उत्तर होतं, नाही, माझ्यामुळे. पण ते दिलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं, आणि त्याच्या शेवटी ती सोळा वर्षांची मुलगी पुन्हा त्या टेबलापाशी, त्या खोट्या आकड्यांपाशी येऊन उभी राहिली असती.

"नाही गं," मी म्हटलं. "डॉक्टरच बाहेरगावी होते. तारीख त्यांनीच बदलली."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या शनिवारी, मी आकडे सांगत होते तेव्हा बघत होती, तशीच. मी नजर वळवली नाही. नंतर तिने हळूच मान हलवली, बाह्या वर केल्या आणि नळ सोडला.

मी म्हटलं, राहू दे, मी करते. ती ऐकल्यासारखी वाटली नाही. एकेक कप घेऊन ती घासत होती, मग तीनदा विसळत होती, मोजून तीनदा, मग उजेडाकडे धरून आत बघत होती आणि फडक्यावर पालथा घालत होती, सगळ्यांचे कान एका दिशेला. चहाचे कप इतके कुणी विसळत नाही. काचेची भांडी विसळतात तसे. मी दुसरं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभी राहिले. ती देईल तेव्हा कप घ्यायचा, तिच्या आधी हात लावायचा नाही, एवढं मी सांभाळलं.